योनाचा मासा, देवमाशाचा घसा आणि सातवीतला भाचा

खुरसाकडचो (वेंगुर्ला)

मंडळी, धागा लांब होणार, आधीच सांगून ठेवतो. आमच्याकडे रविवारी मिस्सानंतर, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेनंतर, मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग असतो आणि गेली सहा वर्षं तो माझ्या गळ्यात आहे, कारण फादरनी विचारलं तेव्हा मी नाही म्हणायला विसरलो. मागच्या रविवारी योनाची गोष्ट होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : देव योनाला सांगतो निनवे शहरात जा आणि लोकांना ताकीद दे. निनवे म्हणजे आजच्या इराकमधल्या मोसूलजवळ, अश्शूरी साम्राज्याचं शहर, म्हणजे योनाच्या लोकांचा जानी दुश्मन. हा बाबा याफोच्या बंदरावर जातो, रीतसर भाडं भरतो आणि बरोब्बर उलट दिशेच्या गलबतात बसून पळतो. वादळ येतं, त्याला समुद्रात टाकतात, मोठा मासा गिळतो, तीन दिवस तीन रात्री पोटात, मग मासा त्याला किनाऱ्यावर ओकतो.

माझा भाचा सातवीत आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला देवमाशाचं पिल्लू किनाऱ्याला लागलं होतं, आठवत असेल, लोकांनी खटपट करून परत समुद्रात नेलं तरी शेवटी वाचलं नाही. त्याचे व्हिडिओ बघितल्यापासून कार्ट्याला देवमाशाचं वेड लागलंय. तर वर्गात उभा राहून म्हणतो, "मामा, तो गळ्यात खंय मावतलो? ब्लू व्हेलचो घसो पपनसाएवढो असता." तीस पोरं हसली. मी म्हटलं देवाला काय अशक्य आहे, आणि म्हणतानाच मला ओशाळल्यासारखं झालं, कारण त्याने विचारलेला प्रश्न वेगळा होता आणि मी ते वाक्य त्याचं तोंड बंद करायला वापरलं होतं.

पुढच्या रविवारी काय सांगू? टोमणे चालतील, पण सोबत काहीतरी कामाचं पण लिहा.

निरीश्वर_नाना (रत्नागिरी)

सोप्पं आहे. सांगा की गोष्ट खोटी आहे. पुढचा प्रश्न.

शेवंड

नाना, थांबा जरा. प्राणिशास्त्र शिकवते म्हणून फक्त घशापुरतं बोलते. पोराचं बरोबर आहे. निळा देवमासा तोंडात टनावारी पाणी घेतो पण खातो क्रिल, कोळंबीसारखे बारके जीव, त्यामुळे घसा अरुंद, लहान पपनसाच्या वर काही जात नाही. दात असलेला स्पर्म व्हेल मोठमोठे स्क्विड अख्खे गिळतो, त्याच्या घशातून माणूस कदाचित जाईल. पण पोटात हवा नसते हो, तीन दिवस जाऊ द्या, काही मिनिटांत खेळ खलास.

आणि व्हॉट्सअॅपवर १८९१ सालच्या खलाशाची गोष्ट फिरते ना, फॉकलंड बेटांजवळ देवमाशाने गिळला, पोट फाडलं तर जिवंत निघाला, कातडी पांढरीफटक झालेली? ती थाप आहे. एका अमेरिकन प्राध्यापकाने जुनी कागदपत्रं धुंडाळून तिचा निकाल लावला, जहाजाच्या कप्तानाच्या बायकोनेच लिहून ठेवलं होतं की असं काही घडलं नाही म्हणून. खरी घडलेली गोष्ट हवी तर २०२१ मध्ये अमेरिकेत केप कॉडला एक लॉब्स्टर पकडणारा पाणबुड्या हंपबॅक देवमाशाच्या तोंडात सापडला होता. अर्ध्या मिनिटाच्या आसपास. मग त्याने थुंकून टाकला. गिळता येत नाही म्हणूनच थुंकला.

हापूस_आंबट

म्हणजे योना ही व्हेलची उलटी झाली की. आमच्याकडे अशी उलटी, अंबरग्रीस म्हणतात ती, घेऊन कोण हायवेला सापडला तर वनखातं आणि पोलीस दोघं पकडतात, बाजारभाव करोडोत. निनवेच्या राजाने घाबरून गोणपाट नेसलं ते उगाच नाही 😂

रेवदंडेकर

माझ्या डोळ्यासमोर आलं एकदम. जून २०१५, आमच्या रेवदंड्याला निळा देवमासा लागला होता, ४२ फूट. पाऊस पडत होता. मी जवळ जाऊन हात लावला. ओल्या टायरला हात लावल्यासारखं वाटलं, आणि थंड असेल असं धरून चाललो होतो तर तसा थंड पण नाही. लोक फोटो काढत होते, काहीजण दोरखंड लावून ओढायच्या गोष्टी करत होते, आणि तो अधूनमधून श्वास सोडायचा तेव्हा सगळी गर्दी एक पाऊल मागे यायची. माझी आई लांबूनच हात जोडून उभी. नावच देवमासा, ती तरी काय करणार. विषयाला सोडून झालं असेल तर माफी, पण घसा कितीचा हा विचार तिथे कोणाच्या डोक्यात आला असेल असं वाटत नाही.

वचन_साक्षी

धागाकर्त्याला विनंती आहे की मुलांच्या मनात शंका पेरू नये. शास्त्रात म्हणजे बायबलात कुठेही व्हेल लिहिलेलं नाही, "मोठा मासा" लिहिलंय आणि तो देवाने मुद्दाम तयार केला असं लिहिलंय, म्हणजे घशाची मापं काढणं व्यर्थ. दुसरं म्हणजे योना काल्पनिक नाही, दुसऱ्या राजांच्या पुस्तकात १४व्या अध्यायात अमित्तयाचा पुत्र योना संदेष्टा याचा उल्लेख आहे. तिसरं आणि महत्त्वाचं, मत्तय १२ मध्ये प्रभू येशू स्वतः म्हणतो की योना जसा तीन दिवस माशाच्या पोटात होता तसा मनुष्याचा पुत्र, म्हणजे तो स्वतः, पृथ्वीच्या पोटात राहील. योना खोटा तर प्रभूचं बोलणं काय समजायचं? एक वीट काढली की भिंत पडते. शिवाय विज्ञान आता शास्त्राची साक्ष देत आहे, यहोशवाने सूर्य थांबवला त्या काळचा हरवलेला दिवस नासाच्या कॉम्प्युटरला सापडला हे जाहीर आहे.

शेवंड

तो नासावाला मेसेज पन्नासेक वर्षं जुना आहे आणि नासानेच तो नाकारलाय. दिवस हरवला हे कॉम्प्युटरला कळायला आधी किती दिवस झाले पाहिजे होते ते बाहेरून कोणीतरी सांगावं लागेल ना. कॅलेंडर म्हणजे काय गल्ल्यातली चिल्लर आहे का मोजून कमी भरायला.

कुपारी_वसई

वचन_साक्षी, तुमचा "मोठा मासा" मुद्दा बरोबर आहे हां. हिब्रूत दाग गादोल, म्हणजे सरळ मोठा मासा. मत्तयाच्या ग्रीकमध्ये केटोस, म्हणजे समुद्रातलं अजस्र जनावर. देवमासा चित्रांतून आला आणि मग डोक्यात पक्का बसला. तसंच एदेन बागेत सफरचंद नाही, नुसतं फळ आहे. गोठ्यात बाळ येशूला भेटायला आलेले तीन राजे म्हणतो आपण, तर मत्तयाने ना तीन आकडा दिलाय ना राजे म्हटलंय, भेटवस्तू तीन म्हणून माणसं तीन. आमच्या वाडीत नाताळाचा गोठा करतात त्यात एका वर्षी तिसरा राजा फुटला म्हणून दोनच ठेवले तर म्हाताऱ्या बायकांनी कोण गोंधळ घातला. शास्त्राप्रमाणे दोन पण चालतील म्हटलं तर ऐकतोय कोण.

यहोशवाचा सूर्य निघालाच आहे तर एक मजेशीर तारीख सांगतो. १६१६. गॅलिलिओला रोममध्ये ताकीद मिळाली की पृथ्वी फिरते हे मत सोड, आणि विरोधात जी वचनं पुढे केली जायची त्यात मुख्य हेच, की यहोशवाने सूर्याला थांब म्हटलं म्हणजे फिरतो तो सूर्यच. आणि त्याच १६१६ साली आपल्या खाली राशोलला फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं, मराठीत, ओवीत, सुमारे अकरा हजार ओव्या. जन्माने इंग्रज माणूस, १५७९ ला गोव्यात आला आणि आपल्या लोकांना ख्रिस्त सांगायचा तर पुराणाच्या घाटात सांगावा लागेल हे त्याला कळलं. एकाच चर्चमध्ये एकाच वर्षी तिकडे मजकूर अक्षराला खिळवून ठेवतायत आणि इकडे तोच मजकूर ओवीत ओततायत. मला याचं भारी वाटतं.

निरीश्वर_नाना

भारी काय त्यात, गॅलिलिओचं पुढे १६३३ मध्ये काय केलं ते पण सांगा की. उरलेलं आयुष्य नजरकैद. आणि पोपने चूक झाली असं म्हणायला १९९२ उजाडलं. साडेतीनशे वर्षं लागली एक सॉरी म्हणायला.

कुपारी_वसई

मान्य, त्यात मी वकिली करणार नाही. फक्त एवढंच की गॅलिलिओ स्वतः शेवटपर्यंत कॅथलिक होता आणि त्याचं म्हणणं हेच होतं की स्वर्गात कसं जायचं हे बायबल शिकवतं, आकाश कसं चालतं ते नाही. ते वाक्य त्याने एका कार्डिनलचं म्हणून सांगितलंय. आणि बिग बँग ज्याच्या गणितातून पुढे आलं तो लमेत्र बेल्जियमचा पाद्री होता, १९२७ चा पेपर. १९५१ मध्ये पोपने जाहीर भाषणात त्या सिद्धांताला उत्पत्तीचा पुरावा असल्यासारखं धरलं तेव्हा नाराज झालेला माणूस हाच. त्याला बायबल आणि समीकरण दोन्ही प्रिय होती म्हणूनच एकाला दुसऱ्याच्या टेकूची गरज नको होती.

मत्स्यगंधा

मी हिंदू, मालवणची, मला यातलं फार कळत नाही पण हे वाचून आपले मच्छिंद्रनाथ आठवले. ते पण माशाच्या पोटातच होते ना आणि तिथूनच शंकराने पार्वतीला सांगितलेलं ज्ञान ऐकलं. प्रद्युम्नाला पण मासा गिळतो आणि तो मासा स्वयंपाकघरात कापला जातो तेव्हा बाळ निघतं. आमच्या आजीने हे सांगितलं तेव्हा मी कधी विचारलं नाही की श्वास कसा घेत होते. तुमच्या भाच्याने विचारलं हे चांगलंच झालं, पण आम्ही विचारलं नाही म्हणजे आम्ही बावळट होतो असंही नाही वाटत. आजीचा आवाजच वेगळा लागायचा, त्यावरून कळायचं आता कोणत्या प्रकारचं बोलणं चाललंय.

तांडेल_हर्णै

मी चर्चला जात नाय. पण ही योनाची गोष्ट एका ख्रिस्ती मित्राने वाचायला दिली होती, चारच पानं आहेत. त्यातला मासा सोडा, पहिलं पान वाचा. ११ नोव्हेंबर २००९ ला फयान वादळ आलं तेव्हा आम्ही बाहेर होतो. सात जण. आधी बर्फ टाकला, मग मासळी टाकली, मग जाळी. जाळं टाकताना माणूस रडतो, कर्ज असतं त्याच्यावर. मग कोण काय बोलेना आणि एकदम एकाने विचारलं, नारळी पुनवेला नारळ कोणी चुकवला का रे? आणि सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. एक पोरगा होता नवीन, तो म्हणाला मी, मी गावाला गेलो होतो. मला त्याचं तोंड अजून दिसतं. त्याला काय आम्ही टाकणार होतो? पण त्या क्षणाला सगळ्यांना बरं वाटलं की कारण सापडलं, हे खरं आहे, खोटं कशाला बोलू.

त्या पुस्तकात पण तेच. माल टाकला, चिठ्ठ्या टाकल्या, याचं नाव निघालं. तो म्हणतो टाका मला. तरी ते खलाशी टाकत नाहीत, आधी वल्ही मारमारून किनारा गाठायला बघतात. परका उतारू, त्याच्यामुळे जीव चाललेत, तरी. हे ज्याने लिहिलं तो गलबतावर बसलेला होता किंवा बसलेल्या माणसाजवळ नीट ऐकलेला होता.

खुरसाकडचो

तांडेल, तुम्ही जे लिहिलंत ते दोनदा वाचलं.

आणि तुमच्यामुळेच मला एक गोष्ट सुचली. माझे आजोबा पातीवर, म्हणजे मासेमारीच्या होडीवर, जायचे, वाचता येत नव्हतं. ते एकच अध्याय परत परत वाचून घ्यायचे, बायबलातल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकातला २७वा, येशूचा प्रेषित पौल याचं गलबत फुटतं तो. त्यात वाऱ्याचं नाव आहे. माणसं किती होती ते आहे, २७६. गलबताला खालून दोर आवळले ते आहे. आणि रात्री अंदाज घेण्यासाठी बुडीद टाकून पाणी मोजलं, वीस वाव (एक वाव म्हणजे साधारण सहा फूट), थोडं पुढे गेल्यावर पंधरा वाव, मग खडकाच्या भीतीने मागच्या बाजूने चार नांगर टाकले आणि दिवस कधी उजाडतो म्हणून देवाची प्रार्थना करत बसले. आजोबा "पंधरा वाव" ला मान हलवायचे. म्हणायचे, "ह्यो माणूस थंय होतो."

आता योना बघा. निनवेच्या राजाचं नाव नाही. सालाचा पत्ता नाही. शहर पार करायला तीन दिवस लागतात. आणि गंमत बघा, तिथे लोक पश्चात्ताप करतात तेव्हा राजा हुकूम काढतो की गुराढोरांनी पण उपास करायचा आणि त्यांनी पण गोणपाट नेसायचं. गोणपाट नेसलेल्या म्हशी डोळ्यासमोर आणा! ज्याने लिहिलं तो गालातल्या गालात हसत नसेल तर मी खुरीस (क्रूस) मानणार नाही. मला वाटतं आजी आवाज बदलते तसं हे पुस्तक पहिल्या ओळीपासून आवाज बदलून सांगितलेलं आहे. एकाच जाडजूड ग्रंथात तांडेलाची, म्हणजे बोटीच्या म्होरक्याची, वही पण आहे आणि आजीची गोष्ट पण आहे, आणि आपण दोन्ही एकाच सुरात वाचतो. मग एक म्हणतो सगळंच वही, दुसरा म्हणतो सगळीच थाप.

वचन_साक्षी, प्रभूने योनाचा दाखला दिला म्हणून योना घडलाच पाहिजे असं मला वाटत नाही. मी कोणाला म्हटलं तू अगदी हरिश्चंद्र आहेस तर मी हरिश्चंद्राच्या जन्मदाखल्याची खात्री दिलेली नसते. राजांच्या पुस्तकातला योना होता, हे मी धरून चालतो. त्याच्या नावावर गोष्ट रचली गेली, एवढंच माझं म्हणणं.

वचन_साक्षी

उदाहरण आवडलं नाही, प्रभूची तुलना तुमच्या बोलण्याशी करू नका. पण प्रेषित २७ परत वाचतो.

निरीश्वर_नाना

आता माझा प्रश्न, आणि टाळू नका. हे बरं आहे तुमचं. विज्ञानाच्या आड आलं की "आजीची गोष्ट", नाही आलं की "तांडेलाची वही". मग मेलेला माणूस तिसऱ्या दिवशी उठला ते कुठल्या खात्यात? तिथे पण आवाज बदलला म्हणा की. का तिथे धंदा बसेल?

खुरसाकडचो

नाना, याच प्रश्नाची वाट बघत होतो आणि भीत पण होतो.

नाही, तिथे आवाज बदललेला नाही. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात १५व्या अध्यायात पौल, उठलेला ख्रिस्त कोणाकोणाला दिसला ती यादी देतो, केफा (म्हणजे पेत्र), मग बारा जण, मग पाचशेहून जास्त बंधू एकाच वेळी, आणि म्हणतो त्यातले बरेचसे अजून जिवंत आहेत. म्हणजे जा आणि विचारा. वर म्हणतो ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास फुकट आहे. हे वहीवाल्याचं बोलणं आहे, "पंधरा वाव" वालं. मी त्याला दृष्टान्त म्हणून सुटका करून घेऊ शकत नाही, तसं केलं तर मीच मजकुराशी लबाडी करतो. विज्ञानाच्या जास्त आड तर हेच येतं, योनापेक्षा कितीतरी जास्त, आणि तरी मी ते वहीतच ठेवतो. म्हणजे तुम्ही म्हणता ती सोयीची वाटणी मी केलेली नाही एवढं तरी द्या.

निरीश्वर_नाना

एवढं दिलं. पण वहीत पण चुकीची नोंद असू शकते. पाचशे जण बघितल्याचं सांगणारा एकच माणूस आहे.

खुरसाकडचो

असू शकते. तिथे मी विश्वास ठेवतो आणि तुम्ही ठेवत नाही. तो विश्वास आहे हे मी लपवत नाही, आणि नासाच्या कॉम्प्युटरवर तो लादणार पण नाही.

शनवारतेली

उशिरा आले, आज सगळं वाचलं. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, मूळचे अलिबागकडचे, आता ठाण्याला. अहो तो योना आधी आमचा आहे 😄 शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून आमच्या लोकांना शनवार तेली म्हणायचे, ही उत्पत्तीच्या सातव्या दिवसाची गोष्ट कोकणात नावात येऊन बसली. तर योम किप्पूर, आमचा प्रायश्चित्ताचा उपासाचा दिवस, ज्याला आमच्याकडे जुनी माणसं दारफाळणीचा सण म्हणायची, कारण दारं लावून घरात बसायचं, त्या दिवशी दुपारच्या प्रार्थनेत योनाचं पूर्ण पुस्तक वाचतात. दिवसभर पोटात पाणी नाही, चारनंतर डोकं गरगरायला लागतं आणि त्यात योना.

लहानपणी माझं लक्ष माशाकडेच असायचं. पण पुस्तक माशाशी संपत नाही हो, कोणीच इथे शेवटचं पान काढलं नाही म्हणून लिहिते. निनवे सुधारतं, देव माफ करतो, आणि योना चिडतो. दुश्मनाला माफी मिळाली म्हणून. शहराबाहेर फुगून बसतो. देव त्याच्यावर सावलीसाठी एक वेल उगवतो, योना खूष, दुसऱ्या दिवशी किडा लागून वेल सुकते, योना म्हणतो मेलो तर बरं. मग देव म्हणतो की तू लावली नाहीस वाढवली नाहीस त्या वेलीची तुला कीव येते, तर या मोठ्या शहराची मला येऊ नये का, ज्यात १ लाख २० हजारांहून जास्त माणसं आहेत, ज्यांना उजवा हात डावा हात कळत नाही, आणि पुष्कळ गुरं पण आहेत. संपलं. योना काय म्हणाला ते लिहिलेलंच नाही. माझे वडील ते वाक्य वाचून झाल्यावर पुस्तक लगेच मिटायचे नाहीत.

२०१४ मध्ये मोसूलला योनाची म्हणून जी कबर होती, मशिदीत, मुसलमान लोक पण त्याला युनूस नबी मानतात, ती आयसिसने सुरुंग लावून उडवली. तेव्हा वडील नव्हते. मला ते पानच आठवलं, आणि मला निनवेची कीव काही आली नाही, खरं सांगते.

तांडेल_हर्णै

फयानमधला तो पोरगा आता दुसऱ्या बोटीवर तांडेल आहे. नारळी पुनवेला पहिला नारळ त्याचा असतो, दरवर्षी.

हापूस_आंबट

मी उलटीचा जोक मागे घेतो. म्हणजे अर्धा.

खुरसाकडचो

काल वर्ग झाला, सांगायचं राहिलं. शनवारतेलींचं ऐकून मी मासा बाजूला ठेवला आणि शेवटचं पान काढलं. पोरांना वेल सुकते तो भाग फार आवडला, एकीने विचारलं योनाने वेलीला पाणी का नाही घातलं. याचं उत्तर तुमच्यापैकी कोणाकडे असेल तर द्या.

शेवटी चित्र काढायला दिलं. भाचा अडून बसला. त्याचं म्हणणं माशाची शेपटी उभी असते आणि देवमाशाची आडवी, आणि पुस्तकात मासा लिहिलंय पण त्याला काढायचा होता देवमासा. शेजारच्या पोराने सांगितलं बांगड्यासारखी उभी काढ, लिहिलंय तसं. अर्धा तास घासाघीस, खोडरबराचा भुगा बाकावर. घरी येऊन बघितलं तर पानभर समुद्र काढलाय, लाटेच्या अलीकडे मोठ्ठं डोकं, उघडं तोंड, आत योना बसलेला, चपला बाहेर काढून ठेवलेल्या. शेपटी लाटेच्या मागे गेलेली आहे, दिसत नाही.